वाचता येत नाही, हे रक्तातूनच येतं का?

प्रश्न: माझा मुलगा तिसरीत आहे, हुशार आहे पण वाचताना अडखळतो, जोडाक्षर आलं की थांबतोच. ह्यांनाही लहानपणी असंच व्हायचं म्हणे. सासूबाई म्हणतात घराण्यातच आहे, खरंय का ताई?

उत्तर: सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे गं. डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचायला अडचण येणं, घराण्यात चालतो, आई किंवा बाबांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते, पण होईलच असं नाही. आणि एकच जीन बिघडला म्हणून हे होत नाही, २०२२ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासला तेव्हा डीएनएमध्ये डिस्लेक्सियाशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा, म्हणून रक्त तपासून डिस्लेक्सिया आहे की नाही ते सांगता येत नाही. त्यात वेळ-पैसा घालवू नकोस. मुळात अडचण असते शब्दातले आवाज सुटे करून अक्षराशी जोडण्यात, बुद्धीचा संबंध नाही, म्हणून त्याला आळशी म्हणू देऊ नकोस कुणाला, प्लीज. आधी डोळे-कान तपास, मग लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे शिकण्यातल्या अशा अडचणीची, टेस्ट कर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे येतं, सर्टिफिकेट मिळालं तर दहावीला जादा वेळही मिळतो. आणि बाबांना सांग, स्वतःचे शाळेतले दिवस त्याला सांगा, त्याला एकटं वाटणार नाही.