'मानभावीपणा' म्हणजे नेमकं काय?

'मानभावी' आणि 'ढोंगी' यांत फरक काय, आणि हा शब्द आला कुठून, असं तुम्ही विचारलंय.

फरक आहे. ढोंग कशाचंही करता येतं: झोपेचं, आजारपणाचं, श्रीमंतीचं. मानभावीपणा मात्र चांगुलपणाचाच असतो. साहेबांचे कान भरून तुमची बढती अडवणारा संध्याकाळी टपरीवर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "फार वाईट वाटलं रे, तुझाच हक्क होता." हे बोलणं मानभावी. "मला काही नको, तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणत म्हणत वाटणीत रस्त्याकडेची जमीन पदरात पाडून घेणारा भाऊही मानभावीच.

मूळ शब्द 'महानुभाव'. चक्रधरस्वामींच्या तेराव्या शतकातल्या पंथाचं हे नाव, बोलीत त्याचं 'मानभाव' झालं. हे लोक अहिंसेबाबत कमालीचे काटेकोर. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. ती जरा नीट वाचा. दोष आहे तो तशी करणी करणाऱ्याचा. मानभावाची बोलणी तिथे मृदूपणाचा दाखला म्हणून येते, ती खरोखर मृदू नसती तर म्हण उभीच राहिली नसती. पण पंथाने वर्णभेद नाकारलेला, ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवलेले, त्यामुळे लोकांच्या मनात अढी होतीच. खोटेपणाचा डाग सोंग घेणाऱ्यावर न बसता ज्याचं सोंग घेतलं त्याच्यावर बसला.

मला हे मनापासून खटकतं. याच पंथातल्या म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहून मराठी गद्याचा पाया घातला, महदंबेने धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले. अमरावती जिल्ह्यातल्या त्यांच्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. आणि त्यांचंच नाव आपण दांभिकतेला देऊन बसलोय! माझ्या आजोळी शेजारी एक महानुभाव कुटुंब होतं. दारात येणाऱ्याला 'दंडवत प्रणाम' म्हणायचे, गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लावायचे नाहीत. त्यांच्यासमोर कुणाच्या तोंडून 'मानभावी' निघालं की आजी डोळ्यांनीच दटावायची.

परीक्षेत अर्थ विचारला तर बेलाशक लिहा, शब्दकोशात तो आहेच. बोलताना मी मात्र 'साळसूद' वापरतो. त्यात निष्पापपणाचा आव थोडा जास्त, पण "साळसूदपणे म्हणाला" म्हटलं की ऐकणाऱ्याला काय ते बरोबर कळतं. नुसत्या नम्रतेचाच आव असेल तर 'वरकरणी नम्र' पुरतं.