जुन्या कॉलेजचा इतिहास लिहायचा आहे. अस्सल कागद कुठे मिळतील, आणि कॉलेज नेमकं कोणाचं असतं: सरकारचं, संस्थेचं की विद्यापीठाचं?

स्मरणिका वाचून इतिहास लिहायला बसू नका, एवढं आधी सांगतो. स्मरणिकेत अध्यक्षांचे फोटो असतात. भांडणं, उधारी, कोणाला का काढलं, हे सगळं प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वहीत असतं.

मी एका जुन्या कॉलेजात हेडक्लार्क होतो. नाव सांगत नाही. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायची म्हणून साफसफाईचं वारं सुटलं आणि जिन्याखालच्या खोलीतली रजिस्टरं रद्दीत घालायचं सचिवांनी ठरवलं. कॅशबुकं, आवक-जावक, डेड स्टॉक, सभांची इतिवृत्तं, सगळा एकच ढीग, आणि रद्दीवाला काटा लावून बसलेला. त्यातली एक लाल कापडी बांधणीची वही मी उचलली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण शाई शाबूत. आत ठराव: एका बाईंनी नवऱ्याच्या नावानं दिलेली जागा गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीच वापरावी. खाली सूचक, अनुमोदक, सह्या. आणि नेमक्या त्याच जागेवर गाळे काढून भाड्यानं द्यायची बोलणी चालू होती!

सचिव म्हणाले, "अहो, इतकं जुनं कोण विचारतंय?" म्हटलं, धर्मादाय आयुक्त विचारतील, न्यासांवर, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी. न्यासाची जमीन विकायची किंवा लांब मुदतीनं भाड्यानं द्यायची तर सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली त्यांची परवानगी लागते. त्यावर 'संस्थेचं मीठ खाऊन' वगैरे ऐकून घ्यावं लागलं. वही मी कुलपात ठेवली. गाळ्यांचा विषय पुढे कोणी काढला नाही.

आता कॉलेज कोणाचं. पुण्यातलीच दोन उदाहरणं घ्या. डेक्कन कॉलेज मुळात सरकारी. पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटत, त्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचं ते पुढचं रूप. १९३४ मध्ये सरकारनं ते बंद केलं, तर माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून उघडायला लावलं. सरकारी म्हणजे सरकारच्या मर्जीचं, असं नसतं. उलट फर्ग्युसन, १८८५ चं, शिकवणाऱ्यांनीच चालवलेलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं सेवेची शपथ घ्यायचे आणि कारभारही तेच बघायचे. बाहेरची कामं नि बाहेरची मिळकत सदस्यांनी घ्यावी का, यावरून खटके उडाले आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. तो राजीनामा सविस्तर लेखी आहे, म्हणून तर आज आपल्याला त्यावर वाद घालता येतो. आजच्या संस्थांत शिक्षकाला महाविद्यालय विकास समितीत खुर्ची मिळते, चहा मिळतो. निर्णय आधीच झालेला असतो.

कागदांचं म्हणाल तर, पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधीच्या संलग्नतेचा, म्हणजे कॉलेज विद्यापीठाशी जोडल्याच्या नोंदींचा माग मुंबई विद्यापीठाकडे काढा. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईचं पुराभिलेखागार, शिक्षण खात्याचे खंड. विश्वस्त कोण, कधी बदलले, हे धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एक (न्यासाच्या नोंदीचा उतारा) आणि चेंज रिपोर्टांवरून (बदल कळवणारे अहवाल) कळतं. कॉलेजातलं जनरल रजिस्टर सोडू नका, त्यात मुलाची जात, गाव, आधीची शाळा सगळं असतं. मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत न्या.

सगळे सचिव तसलेच असतात असं नाही हां. काही ठिकाणी खरंच पाणी गळून कागद गेलेत. पण 'जुनं काही शिल्लक नाही' हे उत्तर तोंडी घेऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात विचारा. आणि रजिस्टरं नष्ट केली म्हणाले तर कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावानं केली, त्याची नक्कल मागा. ठराव नसेल तर ती संस्थेनं नष्ट केलेली नाहीत, कोणीतरी परस्पर विकली.