एका मताने पडलेला प्रस्ताव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. उभं राहिल्यावर जीभ टाळ्याला चिकटली, समोरचे वकील फर्डं बोलले, अर्ज फेटाळला गेला. म्हणून वकिलीच सोडावीशी वाटते? दोन दिवस वाटू दे. तोवर अमेरिकेची राज्यघटना घडवणाऱ्यांपैकी एक, रॉजर शर्मन, याची गोष्ट वाच.

जन्म १७२१ चा, कर्मभूमी कनेटिकट हे तिथलं राज्य. बापाच्या हाताखाली जोडे शिवायला शिकला. शाळा बेताचीच. पुढे जमीनमोजणी केली, दुकान चालवलं आणि घरीच कायद्याची पुस्तकं वाचून १७५४ मध्ये वकिलीची सनद मिळवली. बोलणं, हातवारे मात्र इतके ओबडधोबड की पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने रोजनिशीत त्यांची टिंगल केली. त्याच अ‍ॅडम्सबरोबर १७७६ मध्ये हा माणूस अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या पाच जणांच्या समितीवर होता!

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना घडत होती. मोठ्या राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्या होत्या, छोट्यांना समान. ११ जूनला शर्मनने सुचवलं, एका सभागृहात लोकसंख्या धरा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला एक मत द्या. दुसऱ्या सभागृहाचा प्रस्ताव सहा विरुद्ध पाच राज्यांनी पडला. तेव्हा त्याचं वय ६६. तो तिथेच बसून राहिला, पुन्हा पुन्हा बोलत राहिला. १६ जुलैला त्याच तोडग्याचा गाभा पाच विरुद्ध चारने मंजूर झाला. मॅसॅच्युसेट्स राज्याचे प्रतिनिधी आपसांतच दुभंगले, त्यामुळे त्यांचं मत कुठल्याच बाजूला पडलं नाही, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. चिमुकल्या लोकसंख्येच्या वायोमिंग राज्याला सेनेटमध्ये, म्हणजे त्या दुसऱ्या सभागृहात, अवाढव्य कॅलिफोर्नियाइतक्याच दोन जागा आहेत, त्याचं मूळ इथे.

१७८९ मध्ये पुन्हा तेच. घटनेत दुरुस्त्या करायच्या होत्या, आणि त्या मांडणाऱ्या जेम्स मॅडिसनला त्या घटनेच्या मजकुरातच गुंफायच्या होत्या. शर्मन म्हणाला, मूळ मजकुराला हात लावू नका, शेवटी जोडा. १३ ऑगस्टला हरला, १९ ला जिंकला. म्हणून त्यांच्या दुरुस्त्या शेवटी ओळीने उभ्या दिसतात. आपल्या राज्यघटनेत मात्र अनुच्छेद २१ आणि २२ च्या मध्ये दुरुस्तीने आलेला २१क येऊन बसतो. मला स्वतःला आपली पद्धत वापरायला सोपी वाटते, पण कधी काय बदललं हे त्यांच्याकडे चटकन कळतं.

त्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस. २२ ऑगस्ट १७८७ ला गुलामांचा व्यापार आपल्याला नापसंत असल्याचं तो म्हणाला, आणि लगेच, आहे तसं राहू द्या, असंही म्हणाला. जुळवून घेण्याची सवय तिथे माणसांच्या जिवावर उठली. त्या दिवशीचा शर्मन तुझ्यात आलेला मला चालणार नाही.

आता कामाचं. तुझा अर्ज वाचला. तिसऱ्या परिच्छेदात तीन मुद्दे एकमेकांत अडकलेत, ते सुटे कर. पक्षकाराला तूच फोन कर, कारकुनाकडून निरोप नको. हुकमाच्या नकलेसाठी उद्याच अर्ज टाक, मुदत थांबत नाही. शनिवारी संध्याकाळी अपिलाचा मसुदा घेऊन घरी ये. जेवूनच जा.