कॅनॉल, टेकडी आणि सोसायटीचं पार्किंग: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रांचा ढीग पडलाय आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे, की आम्ही पुण्याच्या उपनगरात राहतो, पेठांतल्यासारखी तालीम, सारसबाग हाताशी नाही, मग व्यायामाला, खेळायला जायचं कुठे? मी स्वतः बावीस वर्षं सिंहगड रोडला राहतेय त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही, पाच निवडलीत.

प्रश्न: ताई, मी धायरीत राहते, वय ४७. मागच्या जानेवारीत घराजवळच्या जिमची वर्षाची फी एकदम भरली, तीन महिने गेले आणि सुटलं ते सुटलंच. आता परत पैसे घालायची हिंमत होत नाही. वजन वाढलंय, जिना उतरताना उजवा गुडघा बोलायला लागलाय. मैत्रिणी सिंहगडाला चल म्हणून मागे लागल्यात पण मला भीती वाटते. काय करू?

आधी ते फीचं मनातून काढून टाका. माझेही असेच पैसे गेलेत, मी वर्षाचे भरले आणि चौथ्या महिन्यात त्या जिमलाच कुलूप लागलं, फोन उचलायला कोणी नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, महिन्याचे भरा, थोडे जास्त गेले तरी चालतील. आणि दुसरं जे मला इतक्या वर्षांत पक्कं पटलंय ते म्हणजे, आधी व्यायाम ठरवायचा नाही, आधी जागा ठरवायची. घरून चपला घालून दहा मिनिटांत जिथे पोचता येतं आणि जिथे कोणीतरी "काल आला नाहीत?" म्हणून विचारतं, तिथलाच व्यायाम टिकतो. झुंबा असो, योगा असो, चालणं असो.

तुमच्या बाबतीत ती जागा म्हणजे कॅनॉल. खडकवासल्यातून निघणारा मुठा उजवा कालवा आपल्या सिंहगड रोडच्या अंगाने जात पुढे पर्वती, स्वारगेट करत पार हडपसरकडे जातो, आणि त्याच्या कडेने बऱ्याच ठिकाणी सपाट रस्ता आहे. चढ नाही, सिग्नल नाही. सकाळी सहाला गेलात तर ओळीने माणसं दिसतील, कोणी भजनाचं मोबाईलवर लावून, कोणी कुत्रं घेऊन, एक आजोबा तर रोज पिशवीत दुर्वा तोडून नेतात. अंधार पडल्यावर मात्र एकटीने जाऊ नका, दिवे सगळीकडे नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीचं चालणं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे रोज अर्धा तास आणि आठवड्याला दोन सुट्ट्या, एवढंच. मध्यम म्हणजे काय तर चालता चालता मैत्रिणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

आता गुडघा. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला वाटतं चढ वाईट, पण गुडघ्याला त्रास उताराचा जास्त होतो. उतरताना अंगाचं सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जाता जाताच ब्रेक लावायचा असतो, तो स्नायू अशक्त असेल तर भार सांध्यावर जातो. म्हणून तुमचा गुडघा जिना उतरतानाच बोलतो. एकदा ऑर्थोपेडिकला दाखवून घ्या, आणि त्यांची हरकत नसेल तर घरी जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश. खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यात आहे.

दोन महिने हे झालं की पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि ऐसपैस, मध्ये कुठेही थांबलं तरी कोणी बघत नाही कारण सगळेच थांबतात. तिथे जमलं की मग तळजाई. टेकडीवर जाताना बूट बघून घ्या एवढं मात्र कळकळीने सांगते. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी तळजाईला उतरत होते, रोजचीच वाट, पण त्या दिवसांत मुरूम इतका सुटा होतो की पायाखाली ज्वारीचे दाणे सांडल्यासारखं होतं, माझ्या बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झालेले, पाय सरकला आणि मी हात टेकला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पोळ्या लाटणं बंद. तळाला हात लावून बघा, खाचा जाणवल्या नाहीत तर ते बूट घरच्या घरी वापरा.

आणि सिंहगड? जा ना! पण घाई नको, चार-सहा महिन्यांनी जा. आतकरवाडीतून चढायचं, सवय नसलेल्या माणसाला दीड-दोन तास लागतात, वाटेत ताक, लिंबू सरबत मिळतं. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि खाली येताना मैत्रिणी काहीही म्हणोत, घाटरस्त्याने गाडीतून या. चढायचं पायी, उतरायचं गाडीने. गुडघेवाल्यांनी यात अजिबात लाजू नये. रविवार टाळा, शनिवार-रविवारी त्या वाटेवर रांग लागते आणि मागच्यांच्या घाईने पाय चुकतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६८. कराडजवळच्या गावी आयुष्य गेलं, पत्नी गेल्यावर मुलाकडे वाघोलीला आलो. अकराव्या मजल्यावर फ्लॅट. मुलगा-सून दिवसभर कामावर. खाली जॉगिंग ट्रॅक आहे पण गोल गोल एकट्याने फिरायचा कंटाळा येतो. तरुणपणी तालुक्यापर्यंत खो-खो खेळलोय. आता या वयात काय करावं?

गुरुजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंय व्यायामाचं, पण पत्रात गावचा पार सुटल्याचं दुःख आहे, आणि ते ट्रॅकवर दहा हजार पावलं मोजून भरून येणार नाही.

तुमच्याकडे जे आहे ते त्या सोसायटीत कोणाकडेच नसेल. खो-खोचे पहिले लिखित नियम १९१४ मध्ये पुण्यातच तयार झाले, डेक्कन जिमखान्याने केले, आणि आज त्याच पुण्यात टॉवरमधल्या मुलांना सूर मारणं म्हणजे काय ते माहीत नाही. तुम्ही एक करा, नातवंडं असतील तर त्यांना, नसतील तर शेजारच्या दोन-तीन पोरांना संध्याकाळी खाली बोलवा. क्लब हाऊसची परवानगी वगैरे नंतर बघू, पार्किंगमधला गाड्या नसलेला कोपरा किंवा मागचं मोकळं गवत असतं ना, तिथे खडूने नाहीतर चुन्याने चौकोन आखा आणि एकाआड एक उलट्या तोंडाने बसायला शिकवा. नऊ जण लागतात असं नाही, पाच जण बसले तरी खेळ होतो. फरशी असेल तिथे सूर नको, नुसतं खो देणं आणि पळणं पुरे. तुम्ही शिट्टी घेऊन उभे राहा. दोन आठवड्यांत आया-बाबा खाली येतील बघायला, आणि अकराव्या मजल्यावरच्या माणसाला "सर" म्हणून सगळी सोसायटी ओळखेल.

तुमच्या स्वतःच्या शरीरासाठी मुख्य गोष्ट म्हणजे तोल. साठीच्या पुढे पडणं हा मोठा धोका, म्हणून पासष्टीच्या वर आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत असं सांगतात. ओट्याला हलकासा हात लावून एका पायावर वीस आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसऱ्या. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत दहा पावलं, आखलेल्या चुन्याच्या रेषेवरच चाला. योगासनं करायची इच्छा असेल तर अय्यंगार पद्धतीचा क्लास शोधा. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि त्यांनी आयुष्यभर इथेच शिकवलं, त्यांच्या पद्धतीत खुर्ची, दोर, विटा, पट्टे असा आधार घेऊन आसनं करवतात, त्यामुळे अंग कडक झालेल्या माणसालाही ती जमतात. पुण्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले शिक्षक ठिकठिकाणी आहेत. मुलाला सांगा वाघोली-खराडीच्या बाजूला कोण आहे ते बघ म्हणून. आणि गुरुजी, पुढच्या महिन्यात मला नक्की कळवा किती पोरं जमली.

प्रश्न: हाय ताई, मी २६, वाकडला पीजीमध्ये राहते, हिंजवडीत जॉब. दिवसभर बसून काम. ऑफिसचा ग्रुप के-टू-एस करायचं म्हणतोय, नाइट ट्रेक. मी आजवर एकही ट्रेक केला नाहीये. जाऊ का? आणि रोजसाठी काहीतरी सुचवा, जिम सोडून.

अगं जाऊ नकोस, निदान एवढ्यात नको. कात्रज ते सिंहगड हे साधारण पंधरा किलोमीटर आहे, पण आकडा फसवा आहे, एकामागून एक डझनभर टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या, तेही बॅटरीच्या उजेडात, वाटेत पाणी नाही, आणि अर्ध्यात दमलीस तर परत फिरायला सोपा रस्ता नाही. तो ट्रेक सुंदर आहे, रात्री डोंगराच्या धारेवरून खाली पुण्याचे दिवे दिसतात ते मी कधी विसरणार नाही, म्हणूनच म्हणते पूर्ण तयारीने कर.

तुझ्या बाजूने सुरुवात घोरावडेश्वरपासून कर. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, देहूरोडच्या पुढे, लोकलने गेलीस तर बेगडेवाडी स्टेशन. वर बौद्ध लेणी आहेत, महादेवाचं देऊळ आहे, तासाभरात चढून होतं. श्रावणी सोमवारी गर्दी असते ते बघून जा. तीन-चार वेळा ते, मग सिंहगड पायी वर आणि पायी खाली, तू तरुण आहेस. हे सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखले नाहीत तर के-टू-एस.

रोजसाठी बॅडमिंटन. वाकड-बाणेरला तासावर कोर्ट मिळतात, चौघी मिळून घेतलंत तर फार पडत नाही. हा खेळ आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही, कॅम्पातले इंग्रज अधिकारी तो इथे खेळायचे, १८७३ च्या सुमारास नियमही इथेच बसवले गेले आणि खेळाला नावच होतं 'पूना'. एक मात्र कर, ऑफिसातून थेट कोर्टावर उतरू नकोस. आठ तास बसलेले पाय असतात, पहिल्याच रॅलीत घोटा नाहीतर पोटरी जाते. दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या नाहीतर कोर्टाबाहेर हलकं पळणं आणि मगच रॅकेट.

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा, हडपसरला राहतो. मोबाईल सुटत नाही. क्रिकेट कोचिंगला घातलं तर तिथे चाळीस मुलं, ह्याची बॅटिंग पाच मिनिटं, बाकी उभा. दुसरं काय?

मल्लखांब दाखवा त्याला. नुसता दाखवा, घालू नका लगेच. पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला, म्हणजे आपल्या मातीतलाच व्यायाम, आणि टिळक रोडला महाराष्ट्रीय मंडळासारखी संस्था १९२४ पासून मुलांना असल्या व्यायामाची गोडी लावतेय. तुमच्या जवळपासही शाळांच्या मैदानावर वर्ग चालतात, शाळेतल्या पीटीच्या सरांना विचारलं की पत्ता लागतो. माझ्या भाच्याचा पहिला दिवस मला आठवतोय, लाकडाला एरंडेल चोळलेलं, ह्याच्या हाताला तो वास, सलामी शिकवली, मग अढी, म्हणजे पायांनी लाकडाला विळखा, मारायला लावली आणि हा दोन सेकंदांत घसरून खाली गादीवर. सर काही बोलले नाहीत, परत चढ म्हणाले. सातव्या वेळी तो तीन सेकंद टिकला आणि घरी येऊन रात्री जेवताना ते तीन सेकंद सगळ्यांना चार वेळा सांगितले. मुलाला स्वतःची प्रगती दिसते, रांगेत उभं राहावं लागत नाही, हे त्यात मोठं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महापालिकेच्या तलावावर पोहायला घाला, बॅचची नोंदणी वेळेत करा, सुट्टी लागल्यावर गेलात तर जागा नसते. आणि रविवारी पहाटे दिवेघाटाच्या बाजूला नेऊन मस्तानी तलाव दाखवून आणा, तुम्ही दोघंही मोबाईल गाडीत ठेवून चाला म्हणजे झालं.

प्रश्न: वय ३८, बावधन. ढोल पथकात जायचंय, घरचे म्हणतात हे काय वय आहे का. ढोल वाजवणं व्यायाम धरायचा का?

धरायचाच! कंबरेला ढोल बांधून दोन तास उभं राहून टिपरू चालवा, दुसऱ्या दिवशी खांदा, पाठ, पोटऱ्या सगळं सांगेल तुम्हाला. गणपतीच्या दोन महिने आधी सराव सुरू होतात, अनेक पथकांत चाळिशीतल्या बायका आहेत, काही तर लेकीबरोबर येतात. आत्तापासून रोज पोटाचे आणि पाठीचे व्यायाम सुरू करा, कारण ढोल गळ्याला नाही कंबरेला असतो आणि कंबर कच्ची असेल तर आठवड्यात माघार घ्यावी लागते. बाळंतपणानंतर कंबर दुखायची असेल तर ताशा किंवा झांज मागून घ्या, ध्वज पण आहे. आणि पहिल्याच दिवशी मेडिकलमधून कानात घालायचे इअरप्लग घ्या, बाकीचे घालोत न घालोत. सरावाला पाच-पन्नास ढोल एकदम वाजतात, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची आणि परत जाताना प्लग विसरायचे नाहीत.