'साम' आणि सामवेद यांचा संबंध नाही

प्रश्न असा आहे: बायबलच्या स्तोत्रग्रंथातल्या, ज्यू आणि ख्रिस्ती उपासनेत गायल्या जाणाऱ्या स्तोत्रांना इंग्रजीत 'साम' (psalm) म्हणतात, तो शब्द आपल्या सामवेदातल्या 'साम'वरूनच गेला का?

नाही. हे व्युत्पत्तिशास्त्र म्हणून छातीठोकपणे सांगितले जाते, याचा मला मनापासून राग येतो. शब्द ग्रीक आहे, 'प्साल्मोस'. त्यातला 'मोस' नुसता प्रत्यय, धातू 'प्साल्'. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'प'ही गळाला आणि 'ल'ही. जर्मन आणि फ्रेंच लोक 'प्स' अजून स्पष्ट उच्चारतात. म्हणजे ज्या साम्यावर हा सिद्धान्त उभा आहे, ते इंग्रजी उच्चाराच्या झिजेतून आले आहे. कानाला सारखे लागले की नाते जुळवायचे, हा अभ्यास नव्हे.

खरी गंमत त्या धातूत आहे. 'प्साल्लो' म्हणजे मी तार छेडतो. धनुष्याच्या दोरीचा टणत्कारही याच क्रियापदाने सांगत. ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंनी हिब्रू 'मिझमोर'साठी हा शब्द निवडला. मिझमोर म्हणजे वाद्याच्या साथीने गायचे गीत. यरुशलेमच्या मंदिरात लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातले, गायक तंतुवाद्यांवर रोजचे नेमलेले स्तोत्र गात: रविवारी 24वे, सोमवारी 48वे, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, 92वे. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. वारांचा तो क्रम सकाळच्या प्रार्थनेत आजही चालू आहे, तारा मात्र गेल्या. 92व्या स्तोत्रात दहा तारांच्या वाद्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि ते ज्या दिवसाचे, त्या शब्बाथला ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनागृहात) वाद्याला हात लावत नाहीत. वाद्य बिघडले तर कुणी ते दुरुस्त करायला बसेल आणि शब्बाथ मोडेल, असे कारण ताल्मूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ देतो.

ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही परंपरेने वाद्य नाही, फक्त कंठ. तरी तिथल्या गायकाला 'प्साल्तिस' म्हणतात, मूळ अर्थाने तार छेडणारा! स्कॉटलंडच्या फ्री चर्चमध्येही पिढ्यान्‌पिढ्या स्तोत्रे बिनसाथीची गायली गेली. वाद्यांना मुभा मिळाली ती 2010 मध्ये. माझे ठाम मत आहे की तारेची आठवण उपासनेपेक्षा या शब्दानेच जास्त जपली. 'साम म्हणजे भजन' एवढे सांगून थांबणारे हे सगळे वाया घालवतात.

आता 'साम'साठीचा मराठी शब्द, 'स्तोत्र'. बायबलच्या या स्तोत्रग्रंथातल्या कितीतरी रचना आक्रोशाच्या आहेत, 22वे तर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असेच सुरू होते. मग 'स्तोत्र' कसे चालेल, असा आक्षेप घेतात. तो मला मुळीच मान्य नाही. खुद्द ज्यू या ग्रंथाला 'तेहिलीम' म्हणतात, म्हणजे स्तवने, आक्रोशासकट. 'स्तु' धातूचा मराठी शब्द ग्रीकला वळसा घालून थेट हिब्रूशी जुळतो. त्याला हात लावू नका.