टायरच्या खर्चासाठी घेतलेली पॉलिसी आधी परत करा

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४२, मिहानमधल्या कंपनीत नोकरी, महिन्याला हातात १ लाख ४५ हजार. घरात कमावणारे ते एकटेच, मुलगी नववीत. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ३० लाखांना दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. तिला स्टेपनी नाही आणि ठेवायला जागाही नाही. मूळचे रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) आधीच्या मालकाने काढून साधे बसवले. महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला सासुरवाडीला जाणं असतं. त्यांचा प्रश्न असा: १ लाख ४० हजारांना चार रन-फ्लॅट टायर घ्यावेत, की डीलरचा तीन वर्षांचा टायर प्लॅन ४५ हजारांना?

दोन्ही नको.

रन-फ्लॅट टायर चांगलेच. हवा पूर्ण गेली तरी साधारण ताशी ८०च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, आणि समृद्धीवर तेवढ्यात इंटरचेंज येतोच. पण तुमचे आत्ताचे टायर नवे असतील तर ते फेकून हा खर्च करू नका. टायरच्या बाजूवरचा डीओटी क्रमांक बघा. शेवटचे चार आकडे २३२२ असतील तर तो टायर २०२२च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर मात्र उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर ताशी १२०ने जाऊच नका, आधी टायर बदला.

डीलरच्या प्लॅनमध्ये पंक्चर काढण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचा. अशा प्लॅनमध्ये बहुतेक वेळा फुटलेला, चिरलेला किंवा फुगा आलेला टायरच धरतात, आणि पैसेही टायर किती झिजला आहे ते बघून देतात. साधा टायर २२ हजारांचा धरला तर तीन वर्षांत दोन टायर पूर्ण वाया गेले तेव्हा कुठे ४५ हजार वसूल होतात. त्याऐवजी सीलंटची, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवेचा दाब दाखवणारं मीटर घ्या. पाच-सहा हजारांत काम होतं. सीलंट फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या खिळ्याच्या भोकावर चालतं, बाजूच्या चिरेवर नाही. बाटलीवर मुदत असते, ती संपली की बदला. सीलंट भरल्यावर हळू चालवा आणि पंक्चरवाल्याला आत द्रव आहे हे आधी सांगा. चीर पडली तर गाडी उचलूनच न्यावी लागेल, म्हणून गाडीच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कव्हर जोडा. गाडी जमिनीला लागून आहे, तेव्हा फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

टायरचं इतकंच. मला जास्त काळजी वाटते ती पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याची: 'गाडीच्या मेंटेनन्सची सोय बँकेच्या मॅनेजरनी करून दिली आहे.'

ती सोय काय आहे ते मांडून बघू. गाडीसाठी ८ लाखांच्या एफडी मोडल्या. घरावर २५ लाखांचं टॉप-अप, म्हणजे जुन्या गृहकर्जावर वाढीव कर्ज काढलं, ९ टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. त्यातले २२ लाख गाडीला गेले आणि ३ लाख एका गॅरंटीड पॉलिसीच्या पहिल्या हप्त्याला. दहा वर्षं दरवर्षी ३ लाख भरायचे, पहिल्या वर्षाअखेरपासून पंचवीस वर्षं दरवर्षी १ लाख मिळणार, शेवटी ३० लाख परत. 'तीसचे पंचावन्न, टायर-सर्व्हिसिंग त्यातच' असं तुम्हाला सांगितलं गेलं.

हा परतावा वर्षाला साधारण साडेचार टक्के पडतो. नऊ टक्क्यांनी घेतलेला पैसा साडेचार टक्क्यांना लावलाय, आणि पहिला लाख तुमच्याच तीन लाखांतून परत येणार आहे! कर्ज देतानाच अशी पॉलिसी गळ्यात घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कर्जासोबत पॉलिसीची सक्ती करण्याचा अधिकार बँकेला नाही. तुमच्या डोक्यावर घराचं जुनं ३४ आणि हे २५, असं ५९ लाखांचं कर्ज आहे, आणि या पॉलिसीतलं विमा कव्हर आहे ३० लाख. दुसरा आयुर्विमा नाही. आजारपणासाठी फक्त कंपनीचा ५ लाखांचा विमा. तारण गाडी नाही, घर आहे. हप्ते थकले तर बँक घरावर येईल.

महिन्याचा हिशेब: घराचा हप्ता ३८ हजार, टॉप-अपचा २५ हजार, पॉलिसीचे २५ हजार, घरखर्च ५५ हजार. उरतात जेमतेम दीड-दोन हजार, आणि बँकेत शिल्लक ४० हजार. दोन टायर गेले तरी क्रेडिट कार्ड काढावं लागेल.

पॉलिसीची कागदपत्रं हातात पडून अठरा दिवस झाल्याचं तुम्ही लिहिलंय. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी वाचून नको असेल तर परत करण्याची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणजे अजून बारा दिवस आहेत. म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच ईमेलने पाठवलं आहे. पॉलिसी परत केली की मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे वजा होऊन बाकी रक्कम मिळते. मुदत उलटली की पॉलिसी सरेंडर, म्हणजे मधेच बंद करावी लागेल आणि त्यात बरेच पैसे बुडतील.

परत आलेले ३ लाख गाडीला लावू नका, कर्जातही भरू नका. ते अडीअडचणीसाठी वेगळ्या एफडीत ठेवा. हप्त्याचे सुटलेले २५ हजार असे वाटा: ११ हजार टॉप-अपच्या हप्त्यात वाढवा, म्हणजे कर्ज आठ वर्षांत फिटेल आणि व्याज साडेवीस लाखांवरून दहाच्या आसपास येईल. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला लवकर फेडीचा दंड नसतो. ५ हजार दीड कोटींच्या टर्म विम्याला (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा आयुर्विमा) आणि तिघांच्या आरोग्य विम्याला. राहिलेले नऊ हजार म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. टायर, सर्व्हिसिंग, गाडीचा विमा यातूनच करा. पॉलिसी देणार होती तो लाख तुमच्याकडे आधीपासूनच होता.

टॉप-अपचा हप्ता वाढवणं जमणार नसेल तर गाडी विका. पंधरा वर्षं ओढण्याजोगं हे कर्ज नाही.

अर्ज मॅनेजरच्या हातात देऊ नका, तो 'एक वर्ष बघा' म्हणून बारा दिवस घालवेल. विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, पोच घ्या, तोच अर्ज त्यांच्या ईमेलवरही पाठवा. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. टर्म विम्याचा अर्ज याच आठवड्यात भरा. तपासणीत वेळ जातो आणि तोवर घरच्यांना पुरेसं कव्हर नसेल.