डायन वॉटसन राजदूत होत्या म्हणून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून आल्या का?

माझ्या मते, नाही. डायन वॉटसन प्रशांत महासागरातील मायक्रोनेशिया या द्वीपराष्ट्रात अमेरिकेच्या राजदूत होत्या हे खरे असले, तरी 2001 मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले ते त्याआधीच्या वीसहून अधिक वर्षांच्या स्थानिक राजकारणामुळे.

1933 मध्ये लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेल्या वॉटसन मुळात शिक्षिका आणि शालेय मानसशास्त्रज्ञ होत्या. 1975 मध्ये त्या शहराच्या शिक्षण मंडळावर निवडून आल्या. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र आणण्यासाठी मुलांना बसने दूरच्या वस्तीत पाठवावे की नाही, या प्रश्नावरून तेव्हा शहरात कडवट वाद चालू होता. 1978 मध्ये त्या कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, गेल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला होत. तेथील वीस वर्षांत आरोग्य आणि समाजकल्याण हे त्यांचे मुख्य क्षेत्र राहिले. 1992 मध्ये काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) निवडणुकीत त्या इव्हॉन बर्क यांच्याकडून पराभूत झाल्या. पुढे, लोकप्रतिनिधींच्या कार्यकाळावर मर्यादा घालणाऱ्या 1990 च्या जनमत कौलामुळे 1998 मध्ये त्यांना सिनेट सोडावे लागले.

1999 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना राजदूत नेमले. अमेरिकेत असे पद राजकीय व्यक्तीला देणे रूढ आहे. मात्र ही नेमणूक निव्वळ शोभेची समजू नये. मायक्रोनेशिया 1986 पासून सार्वभौम असला, तरी करारानुसार त्याच्या संरक्षणाची जबाबदारी अमेरिकेकडे आहे, तेथे डॉलर चालतो आणि तेथील नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहता व काम करता येते. त्या करारातील आर्थिक मदतीची मुदत 2001 मध्ये संपणार होती, त्यामुळे पुढे काय हा प्रश्न त्या काळात ऐरणीवर होता. अर्थात वॉटसन यांचा तेथील कार्यकाळ अल्पच ठरला.

डिसेंबर 2000 मध्ये लॉस एंजेलिसचे खासदार ज्युलियन डिक्सन यांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक लागली. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने खरी चुरस पक्षांतर्गतच होती, आणि तेथे परिचित नावालाच महत्त्व होते. (आपल्याकडे विजयालक्ष्मी पंडित मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये राजदूत होत्या, पण महाराष्ट्राचे राज्यपालपद सोडून 1964 मध्ये त्या फुलपूरची पोटनिवडणूक जिंकल्या, त्यामागे नेहरूंच्या मतदारसंघाचा वारसा अधिक होता.)

राजदूतपदाचा उपयोग झाला तो निवडून आल्यानंतर, परराष्ट्र व्यवहार समितीवर काम करताना. 2002 मध्ये त्यांनी इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले. मला मात्र त्यांचे 2007 चे विधेयक अधिक लक्षणीय वाटते. चेरोकी राष्ट्राने, म्हणजे अमेरिकेतील एका स्वायत्त आदिवासी समाजाने, आपल्याकडील पूर्वीच्या कृष्णवर्णीय गुलामांच्या वंशजांचे सदस्यत्व काढून घेतले होते. ते परत मिळेपर्यंत अमेरिकेने चेरोकी सरकारशी असलेले संबंध तोडावेत, असे वॉटसन यांनी सुचवले. आदिवासींच्या स्वायत्ततेवर हा घाला आहे, अशी टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. विधेयक संमत झाले नाही, पण 2017 मध्ये संघीय न्यायालयाने त्या वंशजांच्या बाजूने निकाल दिला.

प्रतिनिधिगृहात कार्यकाळाची मर्यादा नसतानाही वॉटसन यांनी 2010 ची निवडणूक लढवली नाही आणि जानेवारी 2011 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांची जागा कॅरन बास यांनी घेतली, ज्या आता लॉस एंजेलिसच्या महापौर म्हणून ओळखल्या जातात.